वाळवंटातलं न आलेलं वादळ

काल संध्याकाळी आमच्या समोरची बिल्डिंग गायब झाली. अख्खी. तिच्या लिफ्टसकट, खिडक्यांबाहेर बांबूंवर वाळत घातलेल्या कपड्यांसकट, आणि आठव्या मजल्यावर रोज सहाच्या ठोक्याला ट्रम्पेट काढून आमच्या सगळ्या पासिर रिस वस्तीचा जीव घेणाऱ्या त्या गृहस्थांसकट. सिंगापूरला ऋतू दोनच, असं मी इथे आलो तेव्हा मला कुणीतरी सांगितलं होतं. एक पावसाचा, दुसरा एअरकंडिशनरचा. तिसऱ्याचं नाव कुणी घेत नाही. समुद्रापलीकडची जंगलं पेटतात, वारा फिरतो आणि धूर आमच्याकडे मुक्कामाला येतो. हेझ म्हणतात त्याला इथे. काल तो इतका दाट होता की मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आत घेतला तेव्हा दुसऱ्याच कुणाचा तरी आला.

"बाबा, डोन्ट ड्रामा ला," आमची इरा म्हणाली. मुलीला मराठी सगळं समजतं, फक्त तोंडातून बाहेर पडताना त्याचं इंग्रजी होतं. "आय कॅन सी द बिल्डिंग. लुक. देअर."

खरंच दिसत होती. जुन्या फोटोतल्या माणसासारखी, फिकट, पण होती. बायकोने, मंजिरीने, माझ्याकडे न बघता खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि हवा गाळायचं यंत्र सुरू केलं. ते म्हाताऱ्या मांजरासारखं घुरघुरायला लागलं. मी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं. बोटाला मऊ, पिवळट, कोरडी पूड लागली. आणि मला एकदम वाळू आठवली. ज्या गावात मी राहतो त्या पासिर रिसच्या नावातच मलाय भाषेतली वाळू आहे, तिची मला वीस वर्षांत कधी आठवण झाली नाही. ही दुसरीकडची. राजस्थानातली.

खिडकीशी अण्णांची खुर्ची अजून आहे. वडिलांना जाऊन श्रावणात वर्ष झालं, पण खुर्ची हलवायचा विषय घरात कुणी काढत नाही.

अण्णांना हा धूर आवडायचा. सगळं सिंगापूर तोंडाला मास्क लावून फिरत असायचं आणि आमचे अण्णा पांढरी टोपी घालून उघड्या खिडकीत छाती भरून श्वास घ्यायचे. "बांध पेटवल्यासारखा वास येतोय," म्हणायचे. आई गेल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आलो होतो. इथल्या अकराव्या मजल्यावर त्यांना ओळखीचं असं काही नव्हतं. ना लिफ्ट, ना खालच्या खाण्याच्या टपऱ्यांचा, हॉकर सेंटरचा वास, ना धड नातीची भाषा. ओळखीचा असा हा एक धूर तेवढा भेटला.

अण्णा मोजणी खात्यात होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या शेतांत साखळी ओढली, खुणेचे दगड शोधले, भावाभावांच्या मधला बांध वीतभर इकडे की तिकडे हे ठरवलं. त्यांच्या तोंडात 'अंदाजे' हा शब्द नव्हता. आणि अशा माणसाच्या पोटी मी! लहानपणी मी एकदा ओढ्यावरून धावत आलो आणि मगर बघितली म्हणून सांगितलं.

"किती फूट?" अण्णांनी विचारलं.

"बारा."

"ओढा नऊ फूट रुंद आहे."

"वाकडी झोपली होती, अण्णा."

ते इतके हसले की आतून आई बाहेर आली. तेव्हापासून मी काहीही सांगायला लागलो की अण्णा गंभीर चेहऱ्याने विचारायचे, 'किती फूट?' हा आमचा खेळ होता. मी फुगवायचं, त्यांनी मापात आणायचं. मी माणसाचा हत्ती करायचो आणि ते त्या हत्तीला पुन्हा माणसाएवढा करून घरी पाठवायचे.

राजस्थानात गेलो त्या वर्षीही असाच धूर होता. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. अण्णा खिडकीतून मागे वळले आणि म्हणाले, "श्रीकांता, औंदा भाऊबीजेला आक्काकडं जाऊन यावं म्हणतो."

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. सांगोल्याच्या पुढे, जिथे डाळिंबाच्या बागा संपतात आणि नुसते दगड उरतात, तिथे तिचं सासर. वय चौऱ्याऐंशी. अण्णा इकडे आल्यापासून चार भाऊबिजा गेल्या होत्या. ज्या बहिणीचा भाऊ लांब असतो ती त्या दिवशी संध्याकाळी चंद्राला ओवाळते. आत्या चारही वर्षं अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळत होती आणि मग फोन करून अण्णांना सांगत होती, "दत्तू, ओवाळलं बरं का. पोचलं का तुला?" आणि अण्णा, ज्यांनी आयुष्यात न मोजलेली गोष्ट मान्य केली नाही, म्हणायचे, "पोचलं."

"एकदा समोर बसून ओवाळून घेतो," अण्णा त्या दिवशी म्हणाले. "तिचं काही खरं नाही आता. माझंही नाही."

"जाऊ की!" मी म्हणालो. "त्यात काय! विमानच करू थेट तिच्या अंगणात उतरणारं. डाळिंबं बाजूला सरकवायला सांगा फक्त."

"किती फूट लागेल उतरायला?" अण्णा म्हणाले, आणि खूश झाले.

खरंच जायचं ठरवलं मी. पण माझ्या डोक्यात कुठलीही गोष्ट एकटी राहत नाही, तिला जोड लागते. सुट्टी मिळाली सहा दिवसांची. मंजिरीला कुठेतरी निवांत जायचं होतं, इराला उंट बघायचा होता. आधी चार दिवस राजस्थानात, वाळवंटातल्या एका रिसॉर्टवर. पाडव्याला सकाळी तिथून निघायचं, दिल्लीवरून पुणे, पुण्याहून गाडी, आणि भाऊबीजेला दुपारी आत्याच्या ओसरीवर. मी कागदावर आखणी केली तेव्हा अण्णांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "मधे जागा नाही ठेवलीस कुठं." मोजणीवाला माणूस. त्यांना दिसलं होतं.

ते रिसॉर्ट म्हणजे अस्सल पारंपरिक खेडं होतं. तसं त्यांच्या पाटीवरच लिहिलं होतं. वाळवंटाच्या ऐन मध्यावर मातीची गोल घरं, गवताची छपरं, भिंतींवर पांढऱ्या खडूने काढलेले मोर. छपराला हात लावला तर ते गवत प्लास्टिकचं निघालं, आणि आत एअरकंडिशनर इतका कडक की पहिल्या दिवशी मला डास नाही, पेंग्विन चावला. बाजेवर आठ इंची गादी. चुलीपाशी रचलेल्या गोवऱ्यांना चंदनाचा वास. गावाला एक सरपंच होता, गुलाबी फेटा, पिळदार मिशा, तो खरं म्हणजे मॅनेजर. सकाळी सहा वाजता एक गाय भाड्याने यायची, हंबरायची आणि आठ वाजता टेम्पोत बसून परत जायची. ती ज्या घाईने टेम्पोत चढायची ते बघून मला आमच्या ऑफिसातले लोक आठवायचे. संध्याकाळी चौकात 'ग्रामसंध्या' भरायची. हुक्का ओढणारे पाच गावकरी, दळण दळणाऱ्या दोन बायका, एक भांडण. भांडण सव्वासातला मिटायचं, कारण साडेसातला जेवण.

पहिल्याच दिवशी अण्णा ते गाव फिरून आले. मी फिरून आलो असतो तर तीन तास बोललो असतो. अण्णा म्हणाले, "विहीर सात फूट. खाली फरशी आहे."

"पाणी?"

"निळा दिवा आहे."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "या गावात कुत्रं नाही." आणि थोड्या वेळाने, चहाचा कप खाली ठेवत, "म्हातारं माणूसही एक मीच आहे."

मी हसलो. आता ते वाक्य आठवतं. इतकं झकपक गाव, आणि त्यात कुणी म्हातारं नाही, म्हणजे कुणी कुणाची वाट बघत नाही. कुणाला कुणाकडे वेळेत पोचायचं नाही. असलं गाव माझ्यासारख्याला फार सोयीचं.

आणि मला ते आवडलं होतं, हे कबूल करायला हवं. रात्री आकाश इतकं खाली यायचं की उंटांनी माना खाली घालून चालावं. पायाखालची वाळू सकाळी गार, रेशमासारखी. इरा चक्क मोबाईल खोलीत विसरून दिवसभर बाहेर असायची. मंजिरी कित्येक महिन्यांनी जेवताना गुणगुणली. लक्ष्मीपूजनाला त्या सरपंचाने चौकात शेकडो पणत्या लावल्या. मी त्या रात्री अंथरुणावर पडून हिशेब केला. उद्या पहाटे निघायचं. दोन विमानं, मग पाच तास गाडी. आत्याकडे एक रात्र. संडास घराच्या मागे, पन्नास पावलांवर. इराचा चेहरा. अण्णांचे गुडघे. पुन्हा पाच तास गाडी, पुन्हा विमानं, आणि सोमवारी ऑफिसात नवी सिस्टिम सुरू करायची. दोन दिवसांचा प्रवास, पाच मिनिटांचं ओवाळणं. आणि इथे सरपंच म्हणत होता, दोन रात्री अजून राहा, परतीचं विमान आम्ही इथूनच जुळवून देतो.

पाडव्याला पहाटे पाच वाजता मी अण्णांच्या खोलीत गेलो. ते तयार होऊन बसले होते. आंघोळ झालेली, टोपी, कोटाची बटणं लावलेली. मांडीवर पिशवी. पिशवीत आत्यासाठी घेतलेली नऊवारी. ती त्यांनी लिटल इंडियातून एकट्याने एमआरटीच्या मेट्रोने जाऊन आणली होती आणि दुकानदार नऊ वार म्हणाला तरी स्वतःच्या टेपने मोजून घेतली होती.

"अण्णा," मी म्हणालो, "गोंधळ झालाय. वाळूचं वादळ आलंय."

ते दाराकडे बघायला लागले. दाराबाहेर हवा इतकी स्तब्ध होती की तुळशीसमोरची पणती सुईसारखी सरळ जळत होती.

"इथं नाही, अण्णा. विमानतळाकडे. शंभर किलोमीटरवर. सगळी विमानं बंद. आजही, उद्याही. सरपंच सांगत होता, असलं वादळ तीस वर्षांत झालं नाही. उंट उडालेत म्हणे हवेत, उंट! एक तर पाकिस्तानात जाऊन पडला."

मी थांबलो. मी वाट बघत होतो. 'किती फूट?' एवढं ते म्हणाले असते ना, तर मी तिथेच हसलो असतो, सॉरी अण्णा म्हणालो असतो आणि बॅगा गाडीत टाकल्या असत्या. आजही मला तसंच वाटतं. कदाचित हीही माझी एक थापच असेल.

अण्णांनी विचारलं नाही. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाले, "बरं."

मंजिरीला मी बाहेर येऊन खरं काय ते सांगितलं. "अरे, पण आत्यांना काय सांगणार?" ती म्हणाली.

"ते माझ्यावर सोड."

पण आत्याला मी सांगितलंच नाही. सांगितलं अण्णांनी. दुपारी माझ्या फोनवरून, ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावून, माझ्या समोर बसून.

"दत्तू! कुठवर आलासा?"

"आक्का, आम्ही अडकलोय. इकडं वाळूचं वादळ आलंय. विमानं बंद."

"आगं बया! कसलं रं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याकडे माल नव्हता. आयुष्यभर त्यांनी असला माल बाळगलाच नव्हता.

"मोठं आहे," ते म्हणाले.

"म्हंजी किती मोठं?"

अण्णांनी फोन जरा जवळ ओढला. मग म्हणाले, "समोरचं माणूस दिसत नाही."

मी त्यांच्या समोर होतो. दोन फुटांवर.

"मग भाईर पडू नगंस," आत्या म्हणाली. "तोंडाला फडकं बांध. श्रीकांत हाय न्हवं जवळ?"

"आहे."

"मग मला काळजी न्हाई."

पुढे ती म्हणाली, उद्या मी चंद्राला ओवाळीन, दरसाल तेच करती की. वादळातनं चंद्र दिसंल का रं तुला? अण्णांनी छपराबाहेरच्या त्या घासून लख्ख केलेल्या आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही दिसणार."

"न दिसू दे. त्यो असतूच की वर. तू आपला दिवस मावळला की मावळतीला तोंड करून हुबा ऱ्हा. टोपी घाल."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं बाजेवरच होतो. वरून एक विमान गेलं. निळ्या आभाळात पांढरी रेघ ओढत, दक्षिणेकडे. अण्णांनी मान वर करून ती रेघ सुरू झाली तिथपासून संपली तिथपर्यंत नजरेने मोजली. मग ते उठले आणि चपला घालून फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला सकाळी, गावाच्या मागच्या बाजूला जे बघितलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. तिकडे पाहुणे जात नसत. पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, सगळे गावकरी तिथे राहायचे. अण्णा रोज तिकडे जाऊन बसत, तिथल्या कुंभाराशी त्यांची गट्टी जमली होती. भंवर नावाचा चाळिशीचा माणूस. चौकात तो चाकावर गाडगी घडवायचा, परदेशी पाहुण्यांचे हात चिखलात घालून द्यायचा. त्याचं खरं गाव तिथून तीन तासांवर. "सीज़न है बाबूजी," तो अण्णांना म्हणाला होता, "दिवाली पे छुट्टी कहाँ मिलती है."

मी अण्णांना शोधत तिकडे गेलो तेव्हा मागच्या फाटकापाशी भंवरची बहीण उभी होती. तीन तास बसने आली होती. फाटकाच्या आत तिला यायची परवानगी नव्हती आणि त्याला बाहेर जायची. गजांमधून हात घालून तिने त्याच्या कपाळाला टिळा लावला, मिठाईचा तुकडा तोंडात घातला आणि घाईघाईने डोळे पुसले. पाच मिनिटं. तीच पाच मिनिटं, जी मी लक्ष्मीपूजनाच्या रात्री मोजली होती.

अण्णा बाजूला उभे होते. बहिणीने त्यांना बघितलं. "बाबूजी, आपको भी लगा दूँ? आज के दिन माथा सूना अच्छा नहीं."

"नहीं बेटी," अण्णा म्हणाले. "मेरी बहन है." आणि एक पाऊल मागे सरकून, तिला वाईट वाटू नये म्हणून हसून, "जिंदा है."

त्यांनी मला बघितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी वळून चौकात आलो. सरपंचाने विचारलं, साहब, संध्याकाळी टेकडीवर टेबल लावू का? मी म्हणालो, लावा.

सूर्य वाळूत बुडाला तेव्हा वारा अजिबात नव्हता. खालून ग्रामसंध्येचा ढोल ऐकू येत होता, ठरलेलं भांडण सुरू झालं होतं. आमच्या घराच्या मागे जी वाळूची टेकडी होती तिच्या माथ्यावर अण्णा चढले. गुडघे धरत, थांबत, एकटे. टोपी, कोट, बटणं लावलेली. त्यांनी मावळतीकडे तोंड केलं आणि ते शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहिले. हनुवटी जराशी वर. औक्षण करून घेताना माणूस धरतो तशी.

आणि चंद्र दिसला. मी आयुष्यात पुष्कळ चंद्र वाढवून सांगितलेत, हा आहे तेवढाच सांगतो. नखाच्या कोरेएवढा. इतका स्वच्छ की त्याचा न उजळलेला भागही दिसत होता.

"व्हाय इज आजोबा स्टँडिंग लाइक दॅट?" इराने विचारलं. मंजिरीने तिला जवळ घेतलं. माझ्याशी ती त्या दिवशी काहीच बोलली नाही.

पाऊण तास झाला. मी टेकडी चढून गेलो. "अण्णा, चला आता. गार होतंय. झालं असेल ओवाळून."

"थांब," ते चंद्रावरची नजर न काढता म्हणाले. "आक्काचे हात कापतात. तिला वेळ लागतो."

चंद्र मावळेपर्यंत ते उभे होते. मी त्यांच्या मागे चार पावलांवर उभा होतो. बाजूला नाही उभा राहिलो. तिथली जागा माझी नव्हती.

सिंगापूरला परत आलो. ऑफिसातली ती सिस्टिम सोमवारी सुरू झालीच नाही. कुणाच्या तरी सहीअभावी ती आठवडाभर पुढे गेली. मी त्या सोमवारी माझ्या डेस्कवर बसून दुपारभर पेन्सिलला टोक काढत होतो. अण्णांनी ती नऊवारीची पिशवी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. उन्हाळ्यात जाऊ, मी म्हणालो. ते म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

इथल्याच क्वीन्सटाउन भागात एका मित्राच्या फ्लॅटवर आमच्या मराठी मंडळींचा दिवाळीचा फराळ होता, दिवाळी उलटून गेल्यावर, इथे होतो तसा. तिथे मी ते गाव सांगितलं. पेंग्विन, टेम्पोतली गाय, सव्वासातला मिटणारं भांडण. लोक चिवड्याचे घास हातात धरून हसत होते. आणि हसण्याच्या भरात माझ्या तोंडून वादळही गेलं. का गेलं? समोर माणसं हसत असली की माझी जीभ माझी राहत नाही. उंट, पाकिस्तान, सगळं. अण्णा कोपऱ्यात ताटली मांडीवर घेऊन बसले होते. कुणीतरी त्यांना म्हणालं, "काका, तुम्ही पण होतात ना? बाप रे!" त्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि तो खाल्ला.

आत्या पौषात गेली. झोपेत गेली, कुणाला त्रास न देता. फोन आला तेव्हा इथे धो धो पाऊस होता, हवेत धुराचा मागमूसही नव्हता. या वेळी मला सुट्टी लगेच मिळाली. विमानंही मिळाली. दोन विमानं, मग पाच तास गाडी. गाडीत अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आम्ही पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते, भावाने आणलेली. आत्याला सुनेने, सुमनवहिनींनी, आपल्याच पेटीतली नेसवून पाठवलं होतं. अण्णांनी पिशवी सुनेच्या हातात दिली. सुमनवहिनी ती छातीशी धरून आत गेल्या.

आत्याचं घर ज्या गावात आहे तिथे पाटी नाही. भिंतींवर मोर नाहीत. भिंती मातीच्या आहेत म्हणून त्यांना पोपडे येतात. कुत्री आहेत. आणि म्हातारी माणसं आहेत, गावभर. अण्णा आल्याचं कळलं तशी ती एकेक करून ओसरीवर येऊन बसली. बहिणीचं गाव, त्यामुळे सगळ्या गावाचे ते मामा. माझ्याएवढी माणसंही मामा म्हणत होती आणि नव्वदीचे सोपानतात्याही.

पाण्याचा तांब्या हातोहात फिरला. मग सोपानतात्या काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "मामा, म्हातारीनं लई वाट बघितली दिवाळीला. पर वादळच तसलं आलं म्हणल्यावर तुमी तरी काय करणार?"

"गावभर सांगत व्हत्या," आतून सुमनवहिनी म्हणाल्या. "माझा भाऊ यायला निघाला व्हता, वाटंत वादळ लागलं. रोज एकाला तरी सांगायच्या. कोन म्हनलं भाऊ आला न्हाई का, तर लगेच, आरं, समूरचं मानूस दिसत नव्हतं, कसा येईल?"

"लई मोठं व्हतं म्हणं?" तात्यांनी विचारलं.

ओसरीवरचे सगळे चेहरे अण्णांकडे वळले. मी जमिनीकडे बघत होतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक मुंगळा चालला होता, त्याच्याकडे.

"होतं," अण्णा म्हणाले.

"म्हंजी? घरंबिरं पडली का?"

अण्णा बोलायला गेले. आपल्या हातांकडे बघितलं, जणू त्यांत साखळीचं एखादं टोक सापडेल. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला चाललं असतं.

"तू सांग रे," ते म्हणाले. "मला नाही जमत."

आणि मी सांगितलं. काय करणार होतो? खरं सांगितलं असतं तर आत्याने दारोदार जाऊन सांगितलेलं सगळं खोटं पडलं असतं. भाऊ यायला निघाला होता, एवढी एक गोष्ट ती मागे ठेवून गेली होती. मी पहिल्यापासून सुरुवात केली. पाडव्याची पहाट, अण्णा कोट घालून तयार, मांडीवर पिशवी. इथपर्यंत सगळं खरं होतं. मग क्षितिजावर एक तांबडी भिंत उठली. मग तुळशीसमोरची पणती विझली. वाळू दारांखालून आत आली, डोळ्यांत गेली, तोंडात गेली. अण्णा तरीही फाटकापर्यंत गेले, असं मी सांगितलं. दोन माणसांनी धरून त्यांना मागे आणलं, असं सांगितलं. बायका पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. तात्यांची काठी हलायची थांबली होती. मी आयुष्यात इतकं चांगलं कधी सांगितलं नाही, आणि एकही माणूस हसला नाही.

अण्णा ऐकत होते. फाटकाचं आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"मंग?" तात्यांनी विचारलं. "थांबलं कवा ते?"

थांबलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग दुसऱ्या दिवशी का नाही आलात? त्याच्या पुढच्या दिवशी का नाही? पौषापर्यंत का नाही? म्हणून मी ते थांबवलंच नाही. अजून वाळू आणली, अजून वारा आणला. सुमनवहिनींनी चहा आणून ठेवला, तो अण्णांच्या पुढ्यात तसाच गार होत गेला, आणि मी बोलत राहिलो.